मोठ्या क्लबच्या ‘ब’ संघाला खालच्या लीगमध्ये जागा द्यावी का?

प्रश्न धुळ्याहून आला आहे. विचारणारे एका लहान क्लबचे सचिव आहेत. त्यांच्याकडे जिल्ह्याची लीग पुन्हा सुरू करायचं घाटतंय, आणि ज्या क्लबकडे सगळ्यात जास्त पोरं आहेत त्याने ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन संघ उतरवायची परवानगी मागितली आहे. बाकीच्या क्लबांचा विरोध आहे. सचिव पुढे असंही विचारतात, की स्पेन-जर्मनीत मोठे क्लब आपला दुसरा संघ खालच्या लीगमध्ये बिनदिक्कत खेळवतात, इंग्लंडमध्ये मात्र त्याचं नाव काढलं तरी लोक अंगावर येतात. मग बरोबर कोण?

भाऊ, उत्तर आधीच सांगून टाकतो: घ्या. फक्त ‘ब’ संघ घ्यावा की नाही यावर बैठकीत रात्र घालवू नका. भांडायचंच असेल तर एका नियमावर भांडा. एका संघाचा खेळाडू त्याच क्लबच्या दुसऱ्या संघाकडून कधी, किती वेळा आणि कोणत्या दिशेने खेळू शकतो, हा तो नियम. तो घट्ट असेल तर ‘ब’ संघ कोणाचं काही बिघडवत नाही. तो ढिला राहिला तर बाकी कितीही अटी घाला, लीग नासते.

मोठ्या क्लबला दुसरा संघ का हवा असतो, ते आधी बघू. आपल्याकडे पोरगा सतरा वर्षांचा होईपर्यंत त्याला मॅच मिळतात. शालेय स्पर्धा आहेत, सुब्रतो कप आहे. तालुका, जिल्हा, विभाग करत वर जाता येतं. अठरावं लागलं की सगळं एकदम थांबतं. क्लबच्या पहिल्या संघात चोवीस-पंचवीस जण, त्यातले कित्येक तिशी ओलांडलेले, नोकरीवाले, गावात वजन असलेले. त्यांना बसवून पोराला खेळवायची कोणत्या कोचची छाती होते? मग पोरगा बाकावर. दोन सीझन बाकावर काढले की तो पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर पळताना दिसतो, नाहीतर सुरतेची गाडी धरतो. त्यात वाईट काहीच नाही, पण फुटबॉलपुरता तो गेलेला असतो. शिरपूरकडच्या एका पोराचे वडील मला फोन करून एवढंच विचारायचे, “आमना पोऱ्या कव्हय खेळी, सर?” ‘प्रॅक्टिसला रोज येतोय’ हे काही त्याचं उत्तर नव्हे.

प्रॅक्टिस आणि पुरुषांची मॅच यांतलं अंतर मैदानावर उभं राहूनच कळतं. भुसावळला रेल्वेच्या मैदानावर मी एका अठरा वर्षांच्या लेफ्ट विंगरला मोठ्यांच्या मॅचमध्ये उतरवलं होतं. शालेय स्पर्धांमध्ये त्याला कोणी हात लावू शकत नव्हतं. आरामात बॉल थांबवायचा, मान वर करायचा, मग ठरवायचा कुठे पळायचं ते. समोर छत्तिशीचा राइट बॅक, पोट सुटलेला, पळणं जवळपास बंद. त्या गृहस्थाने पहिल्या हाफमध्ये एकही स्प्रिंट मारली नसेल. पोराकडे पास निघाला की तो दोन पावलं पुढे सरकायचा आणि पोराच्या पाठीला हात लावून ठेवायचा, रेफरी शिट्टी मारणार नाही इतपतच. पोराने बॉल थांबवला की खांदा लागायचा, पोरगा खाली आणि बॉल गायब. असं तीन-चार वेळा झालं. मग मात्र पोराने पास यायच्या आधीच मान वळवून मागे बघायला सुरुवात केली. हे मी त्याला वर्षभर घसा कोरडा होईस्तोवर सांगत होतो. त्या बॅकने अर्ध्या तासात शिकवलं. वीस वर्षांखालच्या लीगमध्ये असा बॅक भेटत नाही. ‘ब’ संघाच्या बाजूने जे काही बोललं जातं त्याचा गाभा हाच आहे.

युरोपातल्या क्लबांनी हे फार आधी ओळखलं. पेप गार्डिओलाने २००७-०८ मध्ये बार्सिलोनाचा ‘ब’ संघ हातात घेतला तेव्हा तो स्पेनच्या लीगच्या चौथ्या पायरीवर खेळत होता. लहान गावांचे संघ, अनुभवी पुरुष खेळाडू, बार्सिलोनाला हरवायला टपलेले प्रेक्षक. सेर्जिओ बुस्केट्स आणि पेद्रो त्या संघात होते. संघ एक पायरी वर गेला, पुढच्या हंगामात गार्डिओला मुख्य संघाचा प्रशिक्षक झाला आणि या दोघांना सोबत घेऊन गेला. २०१० च्या विश्वचषकाच्या फायनलला दोघेही स्पेनकडून पहिल्या अकरात होते. हॉलंडने २०१३ मध्ये आयाक्स, पीएसव्ही आणि ट्वेंटे यांच्या दुसऱ्या संघांना थेट दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घेतलं. फ्रेंकी डी याँग आणि डी लिख्त तिथे ‘याँग आयाक्स’कडून, म्हणजे आयाक्सच्या दुसऱ्या संघाकडून खेळले आणि २०१९ मध्ये आयाक्सबरोबर चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला पोचले.

हे ऐकलं की माणसं लगेच म्हणतात, बघा, ‘ब’ संघ आला की देशाचं फुटबॉल सुधारतं. मला ते इतकं सरळ वाटत नाही. फ्रान्समध्ये राखीव संघांना व्यावसायिक लीगच्या आसपास फिरकू देत नाहीत, ते खालच्या हौशी पायऱ्यांवरच राहतात. तरी फ्रान्सने १९९८ आणि २०१८ चे विश्वचषक नेले. आणि आपल्याच देशात, २८ ऑक्टोबर २०१७ ला कोलकात्यात, सतरा वर्षांखालील विश्वचषकाची फायनल झाली ती आठवा. ‘ब’ संघांचा देश स्पेन दोन गोलांनी पुढे होता, आणि लीगमध्ये ‘ब’ संघ न घेणाऱ्या इंग्लंडने ती मॅच ५-२ ने जिंकली. पोरं घडतात अकादमीत, चांगल्या कोचच्या हाताखाली. ‘ब’ संघ फक्त अठरा ते एकवीस ही मधली वर्षं सांभाळतो. काम एवढंच आहे, पण आपल्याकडे नेमक्या त्याच वर्षांत पोरं गळतात.

आता अडचणींकडे. सगळ्यांच्या तोंडी असते ती पहिली: ‘ब’ संघ चढत चढत ‘अ’ संघाच्याच लीगमध्ये पोचला तर? त्याचं उत्तर जगभर ठरलेलं आहे. दुसरा संघ पहिल्याच्या निदान एक पायरी खाली राहणार. रियाल माद्रिदच्या कास्तिया संघाने १९८३-८४ मध्ये स्पेनची दुसरी डिव्हिजन जिंकली, आणि तिथेच राहिला. बायर्न म्युनिकच्या दुसऱ्या संघाने २०१९-२० मध्ये जर्मनीची तिसरी लीग जिंकली, त्यालाही वर जाता आलं नाही, आणि पुढच्याच हंगामात तो खाली गेला. याची उलटी बाजू व्हियारियालने २०१२ मध्ये भोगली. मुख्य संघ पहिल्या डिव्हिजनमधून दुसरीत घसरला, म्हणून दुसरीत असलेल्या ‘ब’ संघालाही तिसरीत ढकललं गेलं. थोरल्याचं कर्ज धाकट्याच्या सातबाऱ्यावर चढावं तसं. कठोर आहे, पण नियम स्वच्छ आहे, आणि सगळ्यांना आधीपासून माहीत आहे.

कपची गोष्ट वेगळी. १९८० च्या स्पॅनिश कपच्या फायनलमध्ये रियाल माद्रिद विरुद्ध कास्तिया अशी मॅच झाली, म्हणजे एकाच घरातले दोन संघ. रियालने ती ६-१ ने घेतली. मोठे संघ हरवत कास्तिया तिथवर पोचला होता, त्यामुळे त्यांच्या कष्टाबद्दल शंका नाही. पण अशी फायनल पाहणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकणारच, आणि १९९० पासून स्पेनने कपमध्ये दुसरे संघ घेणं बंद केलं. जर्मनीत हेर्था बर्लिनचा हौशी संघ १९९३ मध्ये कपच्या फायनलपर्यंत गेला होता. २००८ पासून तिथेही दार बंद आहे. तुम्हीही बाद फेरीच्या स्पर्धेत एका क्लबचा एकच संघ घ्या, विषय मिटला.

खरी कीड लीगमध्ये लागते, आणि ती प्रमोशनच्या नियमाने मरत नाही. खानदेशातल्याच एका लीगमधला प्रकार सांगतो. जिल्हा आणि क्लबचं नाव नको. शेवटची फेरी होती. मोठ्या क्लबचा ‘ब’ संघ तळाशी अडकलेला, समोर तालुक्याचा एक संघ, तोही तळाशी. जो हरेल तो खाली. तालुक्याची पोरं सकाळच्या एसटीने आली होती, मैदानाच्या कडेला लिंबाखाली डबे सोडून बसली होती. फक्की मारून झाली, दोन्ही कॅप्टन टॉसला निघाले, आणि तेवढ्यात एक बोलेरो गोलपोस्टच्या मागे येऊन थांबली. तीन जण उतरले. स्टॉकिंग्ज चढवलेले, घोट्याला टेप मारलेली. तिघेही त्या क्लबच्या ‘अ’ संघाचे. ‘अ’ संघाचं स्थान आधीच पक्कं झालेलं, त्यामुळे मोकळे. मॅच कमिशनरने रजिस्ट्रेशनचे कागद बघितले. क्लब एक, खेळाडू त्या क्लबचे, यादी एकत्र दिलेली. नियमात अडवायला काही जागाच नव्हती. ‘ब’ संघाची ज्यांनी सीझनभर मॅच खेळल्या होत्या ती तीन पोरं ट्रॅकसूट घालून बाकावर गेली, आणि तालुक्याचा संघ आरामात हरला. पुढच्या वर्षी तो लीगमध्ये उतरलाच नाही.

यात नुकसान दोघांचं झालं. तालुक्याचा संघ गेला हे सगळ्यांना दिसलं. पण ज्या तीन पोरांसाठी ‘ब’ संघ काढला होता, त्यांना वर्षातल्या एकाच खऱ्या दडपणाच्या मॅचला बसवलं, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

म्हणून दिशा महत्त्वाची. स्पेनमध्ये मुख्य संघाचे खेळाडू १ ते २५ नंबर घालतात आणि ‘ब’ संघाचा पोरगा वर खेळायला आला तर त्याच्या पाठीवर २६ किंवा त्यापुढचा नंबर असतो. बार्सिलोनाचा लामिन यमाल सुरुवातीला २७ नंबर घालून खेळायचा तो त्यामुळेच. तो वर जाऊन मॅच खेळू शकतो. पहिल्या संघात नोंदलेला खेळाडू मात्र खाली येऊन ‘ब’ ला वाचवू शकत नाही. जर्मनीत थोडी सूट आहे: तिथे दुसऱ्या संघाच्या एका मॅचमध्ये तेविशीच्या वरचे जास्तीत जास्त तीन चालतात. मला त्या तीन जणांचं तत्त्व पटतं. सगळी एकोणीस वर्षांची पोरं उतरवली की ती एकमेकांकडे बघत बसतात. मधल्या फळीत ओरडणारा, वेळ काढणारा, रेफरीशी गोड बोलणारा एक जाणता माणूस लागतो. पण ते तिघे सीझनच्या सुरुवातीला ठरलेले असावेत, आणि बोलेरोतून आलेले नसावेत.

इंग्लंडचा विरोध मात्र वेगळ्या मुळातून आलेला आहे, आणि तो मला मूर्खपणाचा वाटत नाही. तिथे वरच्या चार डिव्हिजनमध्ये ९२ क्लब आहेत, आणि चौथ्या डिव्हिजनच्या क्लबालाही पिढीजात प्रेक्षक आहेत. २०१४ मध्ये फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष ग्रेग डाइक यांच्या समितीने सुचवलं, की चौथ्या डिव्हिजनच्या खाली एक नवी लीग काढून तिच्यात मोठ्या क्लबांचे दहापर्यंत ‘ब’ संघ घ्यावेत. एवढा गदारोळ झाला की कल्पना गुंडाळावी लागली. २०१६ पासून मग लहान क्लबांच्या ट्रॉफी स्पर्धेत मोठ्या अकादम्यांचे संघ घुसवले, तर प्रेक्षकांनी बहिष्कार टाकला आणि काही मॅचना हजार माणसंही जमली नाहीत. त्याच स्पर्धेच्या २०१९ च्या फायनलला पोर्ट्समथ आणि संडरलँड समोरासमोर आले तेव्हा वेम्ब्लीवर ८५,०२१ लोक होते. माणूस गावासाठी येतो. दुसऱ्याच्या दुसऱ्या संघाची प्रॅक्टिस बघायला तिकीट कोण काढेल?

शिवाय तिथे दुसरी वाट आहे, लोनची, म्हणजे आपला खेळाडू काही काळापुरता दुसऱ्या क्लबला खेळायला देण्याची. इंग्लंडचा स्ट्रायकर हॅरी केन तेव्हा टॉटनहॅमचा. पण तो लेटन ओरिएंटला गेला, मग २०१२ च्या सुरुवातीला मिलवॉलला गेला आणि त्या क्लबला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये टिकवण्याच्या झटापटीत खेळला. तिथे कोणी त्याला शिकवायला खेळवत नव्हतं, गोल हवे होते म्हणून खेळवत होतं. ‘ब’ संघात ही निकड नेहमी थोडी कमी पडते. लोनमध्ये धोका एवढाच, की त्या क्लबच्या कोचला पोरगा आवडला नाही तर तो तिथेही बाकावर.

इटलीने मधला मार्ग काढला तो आपल्याला सगळ्यात जवळचा आहे. युव्हेंटसचा तेवीस वर्षांखालचा संघ २०१८ मध्ये तिसऱ्या डिव्हिजनमध्ये आला तो रिकाम्या झालेल्या जागेवर; पैशाअभावी क्लब बंद पडतात, प्रवेश भरू शकत नाहीत, त्या जागा. कोणाला बाहेर काढून आत आलेला संघ आणि रिकामी खुर्ची भरणारा संघ यांत फार फरक आहे, निदान बैठकीत बसणाऱ्यांच्या डोक्यात तरी.

भारतात हा प्रयोग झालेला आहे. २०१७-१८ पासून आय-लीगच्या सेकंड डिव्हिजनमध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) क्लबांचे राखीव संघ खेळले, प्रमोशनच्या हक्काशिवाय. त्याच सुमाराला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने इंडियन ॲरोज हा तरुणांचा संघ थेट आय-लीगमध्ये घातला, आणि त्याला खाली जाण्यापासून सूट दिली. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघातून खेळून पुढे आयएसएलमध्ये गेला. पोरांना पुरुषांविरुद्ध मॅच मिळाल्या, हे मोठंच. पण खाली जायची भीती नसलेला संघ शेवटच्या महिन्यात सैल पडतो, हे कोणत्याही कोचला विचारा. म्हणून मी म्हणतो, ‘ब’ ला वरचं दार बंद ठेवा, खालचं उघडंच असू द्या.

आता धुळ्याचं. इंग्लंडचे नव्वद क्लब तुमच्याकडे नाहीत. तुमच्याकडे संघ कमी आहेत, प्रेक्षक कडेला उभे राहतात, तिकीट नाही, आणि सीझन म्हणजे कापूस वेचणीपासून ऊन तापेपर्यंतचे तीन-चार महिने. जागा रिकाम्याच आहेत. आठ संघांच्या जागी नऊ झाले तर प्रत्येकाला मॅच वाढते. तेव्हा इंग्लंडवाल्यांचा मुख्य आक्षेप तुम्हाला लागू होत नाही. बोलेरोवाला मात्र पुरेपूर होतो.

यादी पहिल्या फेरीच्या आधी घ्या. ‘अ’ ची वेगळी, ‘ब’ ची वेगळी, सीआरएसच्या, म्हणजे महासंघाच्या ऑनलाइन खेळाडू-नोंदणीशी ताडून, आणि सगळ्या क्लबांना तिची प्रत द्या; व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तरी चालेल, पण सही झालेली. ‘ब’ मध्ये एकविशीच्या आतले, वर तीन जाणते. ‘ब’ चा पोरगा वर जाऊन चार-पाच मॅच खेळला की तो ‘अ’ चाच झाला, परत खाली नाही. ‘अ’ चा खाली अजिबात नाही, गोलकीपर जखमी झाला तरी नाही. दुसरा गोलकीपर तयार ठेवायचं काम त्यांचं. लीगला एकच डिव्हिजन असेल तर दोन गट पाडा आणि हे दोन संघ वेगवेगळ्या गटांत टाका. गट पाडण्याइतके संघ नसतील तर ‘अ’ विरुद्ध ‘ब’ ही मॅच पहिल्याच फेरीत उरका, म्हणजे शेवटी गुणांची देवघेव झाल्याचा संशय कोणी घेणार नाही. ‘ब’ पहिला आला तर ट्रॉफी त्यालाच द्या, पोरांनी मिळवलेली असते. पुढच्या स्पर्धेची शिफारस दुसऱ्या क्रमांकाच्या क्लबाची करा.

आणि एक गोष्ट लोक मैदानावर बोलत नाहीत, बैठकीत बोलतात: मत. दोन संघ उतरवणाऱ्या क्लबाला मत एकच. तुमच्याकडचा अर्धा विरोध तिथूनच येत असेल असा माझा अंदाज आहे. हे पहिल्याच ठरावात लिहून टाका, आवाज बराच खाली येईल.

तुमच्या स्वतःच्या क्लबासाठी वेगळं सांगतो. मोठ्या क्लबाकडे चाळीस पोरं असतील तर ‘अ’ आणि ‘ब’ भरूनही काही उरणार. त्यांतली दोन-तीन एका सीझनपुरती लोनवर मागा, लेखी, कागद नीट करून. त्यांच्याच दोन संघांविरुद्ध ती पोरं खेळणार की नाही, हेही त्याच कागदावर लिहा, नाहीतर मॅचच्या सकाळी फोनाफोनी सुरू होते. मी असतो तर खेळवली असती. आपल्या कोचला दाखवायला पोरगा त्या दिवशी दुप्पट पळतो.

कार्डांचा हिशोबही आधीच लावा. ‘अ’ च्या मॅचमध्ये रेड कार्ड मिळालेल्याने ‘ब’ ची एक मॅच बाहेर बसून शिक्षा भोगली असं दाखवायचं, ही जुनी युक्ती आहे. ज्या संघाकडून कार्ड घेतलं त्याच संघाच्या पुढच्या मॅचला बाहेर बसायचं, आणि तोवर दुसऱ्या संघाकडूनही उतरायचं नाही. येलो कार्डं मात्र दोन्ही संघांची वेगवेगळी मोजली तरी चालतील.